एकाच वर्षी २ रुपयांचा चेक आणि ७० रुपये किलो : कांद्यावरून समजून घ्या अर्थव्यवस्था

फेब्रुवारी २०२३ मध्ये एका चेकचा फोटो व्हायरल झाला होता. सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने बाजारात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला १ रुपया. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा झाल्यावर शिल्लक राहिले २ रुपये ४९ पैसे आणि चेक निघाला २ रुपयांचा.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी दिल्लीत काही ठिकाणी कांदा किलोला ७० रुपयांच्या पुढे गेला. आता टाइमलाइनवर शेतकऱ्याच्या जागी ग्राहक आला.

दोन्ही वेळा कमेंट्समध्ये प्रश्न मात्र एकच होता : मधले पैसे खाल्ले कुणी?

प्रश्न चुकीचा नाही. टोमॅटो, कांदा आणि बटाट्याच्या भावांवर रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार ग्राहक कांद्यासाठी जे १०० रुपये मोजतो, त्यातले साधारण ३६ रुपये शेतकऱ्यापर्यंत पोहोचतात. पण १ रुपया आणि ७० रुपये यांच्यातलं सगळं अंतर मधल्या माणसांनी भरून निघत नाही. कारण हे दोन भाव एकाच दिवसाचे नाहीत. त्यांच्यात आठ महिने आहेत, वेगळं पीक आहे, पाऊस आहे आणि सरकारचे निर्णय आहेत.

मागणी, पुरवठा, टंचाई, संधी खर्च, मिश्र अर्थव्यवस्था हे शब्द शाळेच्या पुस्तकात येतात आणि परीक्षेनंतर विसरले जातात. पण हा कांदा डोळ्यांसमोर ठेवला, तर ते बऱ्यापैकी समजतात.

टंचाई म्हणजे फक्त 'माल संपला' नव्हे

बोलीभाषेत टंचाई म्हणजे वस्तू मिळत नाही. अर्थशास्त्रात या शब्दाचा अर्थ जास्त व्यापक आहे. माणसाच्या गरजा भरपूर आणि त्या भागवायची साधनं मर्यादित, ही कायमची स्थिती म्हणजे टंचाई. पाणी मर्यादित, जमीन मर्यादित, मजूर मर्यादित, वेळही मर्यादित. म्हणून निवड करावी लागते आणि अर्थशास्त्र ही या निवडींचा अभ्यास करणारी विद्याशाखा आहे.

निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याकडे दोन एकर जमीन आणि विहिरीला मोजकं पाणी आहे असं समजा. डिसेंबरमध्ये तो त्यात कांद्याची रोपं लावेल किंवा गहू पेरेल. कांदा लावला तर गव्हाचं उत्पन्न सोडावं लागतं. निवड करताना जो सर्वांत चांगला दुसरा पर्याय हातातून जातो, त्याच्या किमतीला 'संधी खर्च' म्हणतात. वहीत खत, बियाणं, मजुरी लिहिली जाते, हा खर्च लिहिला जात नाही. तरी तो असतोच. इंजिनिअरिंग सोडून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाने न घेतलेला पगार हा त्याचा संधी खर्च.

कांद्यात अशी निवड एकदाच करून भागत नाही. रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो. तो लगेच विकायचा की चाळीत भरून थांबायचं? थांबलं तर पुढे भाव वाढू शकतो. पण चाळीत कांद्याचं वजन घटतं, तो सडतो, त्याला कोंब येतात. चार-पाच महिन्यांत पाव भागाहून जास्त माल वाया जाऊ शकतो. शिवाय सोसायटीचं कर्ज आणि मुलांची फी भाव वाढेपर्यंत थांबत नाही. म्हणून 'शेतकऱ्यांनी साठवून ठेवावं ना' हा सल्ला द्यायला सोपा आहे. थांबण्याची ऐपत असणं हेही एक भांडवलच आहे.

मागणी, पुरवठा आणि हट्टी गिऱ्हाईक

मागणीचा नियम सरळ आहे. भाव वाढला की लोक कमी घेतात, उतरला की जास्त घेतात. पुरवठ्याचं उलट. चांगला भाव दिसला की विकणारा जास्त माल आणतो. दोघांचं जिथे जुळतं तो बाजारभाव. लासलगावच्या बाजारात सकाळी ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, व्यापारी ट्रॉलीतला माल पाहून बोली लावतात. तिथे हा नियम डोळ्यांनी बघता येतो. आवक वाढली की बोली खाली, आवक कमी की बोली वर.

पण आवक थोडीशी बदलली तरी भाव एवढा का हलतो? दहा टक्के माल कमी आला तर भाव दहा टक्के वाढावा, असं वाटतं. प्रत्यक्षात तो दुप्पटही होतो.

त्याचं उत्तर 'मागणीची लवचिकता' या संकल्पनेत आहे. भाव बदलल्यावर लोक खरेदी किती बदलतात, त्याचं हे माप. सिनेमाचं तिकीट महाग झालं तर लोक ओटीटीची वाट बघतात, म्हणजे ही मागणी लवचिक. कांदा ३० चा ६० झाला तर घरात दोन किलोऐवजी दीड किलो येतो, पण फोडणीत कांदा पडतोच. भजीच्या गाडीवाल्याला तर पर्यायच नाही (काही हॉटेलं कांद्याऐवजी कोबी देतात, त्यावर गिऱ्हाईक काय बोलतं ते सर्वांना माहीत आहे). ही मागणी अलवचिक, म्हणजे हट्टी. थोडा माल कमी पडला तरी प्रत्येक जण जास्त पैसे देऊन आपला वाटा मिळवायचा प्रयत्न करतो आणि भाव उसळतो.

हाच हट्ट उलट्या दिशेनेही चालतो आणि ही बाजू सहसा सांगितली जात नाही. कांदा १ रुपया किलो झाला म्हणून कुणी चौपट कांदा खात नाही. माल थोडा जास्त झाला की तो खपवायला भाव खूप पाडावा लागतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये नेमकं हेच झालं. बाजारात तेव्हा लेट खरीपाचा लाल कांदा होता. त्यात पाण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून तो उन्हाळ कांद्यासारखा टिकत नाही. त्यात फेब्रुवारीतच ऊन तापलं. सगळ्यांना एकाच वेळी माल काढून विकायचा होता आणि बाजार एवढा माल एकदम घेऊ शकत नव्हता. नंतर राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, एका शेतकऱ्याला २०० क्विंटलपर्यंत, असं अनुदान दिलं.

पुढे मार्च-एप्रिलमधल्या अवकाळी पावसाने उन्हाळ कांद्याची टिकण्याची ताकद कमी केली, ऑगस्ट कोरडा गेला आणि खरीपाचा कांदा उशिरा आला. मग ऑक्टोबर.

यात आणखी एक चक्र आहे. यंदा भाव चांगला मिळाला की पुढच्या हंगामात अनेक जण कांदा लावतात. पीक येईपर्यंत चार महिने जातात आणि तोवर सगळ्यांचा माल एकदम बाजारात येऊन भाव कोसळतो. हात पोळलेले शेतकरी पुढच्या वेळी लागवड कमी करतात आणि भाव पुन्हा चढतो. आलेखावर याची आकृती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, म्हणून अर्थशास्त्रज्ञ तिला तेच नाव देतात. यात कुणाचा मूर्खपणा नाही. प्रत्येक शेतकरी हातातल्या माहितीवर शहाणा निर्णय घेतो आणि सगळ्यांचे शहाणे निर्णय एकत्र आले की नुकसान होतं.

कांदा महागला म्हणजे महागाई वाढली का?

नेहमीच नाही. एका वस्तूचा भाव वाढणं वेगळं आणि एकूण भावपातळी सतत वाढत जाणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीला महागाई म्हणतात. २०१२ हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार शेकडा ०.६४ एवढाच होता. रिझर्व्ह बँक व्याजदर वाढवून कांद्याचं पीक वाढवू शकत नाही. तरीही कांद्याचा भाव लोकांच्या डोक्यात महागाई म्हणून पक्का बसतो, कारण तो दर आठवड्याला विकत घेतला जातो. फ्रिजचा भाव किती जणांना तोंडपाठ असतो?

मग भाव ठरवायचा कुणी?

काय पिकवायचं, कसं पिकवायचं आणि कुणाला किती मिळणार, हे तीन प्रश्न प्रत्येक समाजाला सोडवावे लागतात. ते कोण सोडवतं यावरून अर्थव्यवस्थांचे प्रकार पडतात.

सर्वांत जुना प्रकार पारंपरिक अर्थव्यवस्थेचा. तिथे रूढी ठरवते. महाराष्ट्रातल्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी अशा बलुतेदारांनी वर्षभर काम करायचं आणि सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावरून धान्याचा वाटा घ्यायचा. प्रत्येक कामाला वेगळा भाव नव्हता, बाजार नव्हता. ज्याला या पद्धतीची गोडी वाटते त्याने एक लक्षात ठेवावं. कुणी कोणतं काम करायचं हे जात ठरवत असे आणि ते बदलायची मुभा नव्हती.

दुसरा प्रकार बाजार अर्थव्यवस्थेचा, म्हणजे भांडवलशाहीचा. मालमत्ता खासगी, भाव बाजार ठरवणार, नफा-तोटा ज्याचा त्याचा. या विचाराची मांडणी ॲडम स्मिथने १७७६ मध्ये केली. त्याची मोठी ताकद म्हणजे भाव हाच निरोप असतो. कांदा महागला की हजारो शेतकऱ्यांना कुणी आदेश न देता कळतं की कांदा लावायला हवा.

भांडवलशाहीचं उदाहरण म्हणून अमेरिकेचं नाव घेतलं जातं. पण याच अमेरिकेत कांद्याच्या वायदे व्यवहारांवर १९५८ पासून कायद्याने बंदी आहे आणि ती आजही उठलेली नाही. तेलाचा वायदा चालतो, सोन्याचा चालतो, मक्याचा चालतो, कांद्याचा नाही.

झालं असं की १९५५ मध्ये दोन व्यापाऱ्यांनी शिकागोत जवळपास सगळा उपलब्ध कांदा आणि त्याचे वायदे आपल्या हातात घेतले. नंतर भाव पडण्यावर पैज लावली आणि साठवलेला माल बाजारात ओतला. ५० पौंडांच्या पोत्याचा भाव ऑगस्ट १९५५ मध्ये पावणेतीन डॉलर होता, तो मार्च १९५६ मध्ये १० सेंटवर आला. कांद्यापेक्षा रिकामं पोतं महाग झालं. व्यापाऱ्यांनी लाखो डॉलर कमावले, शेतकरी बुडाले. मिशिगनचे तेव्हाचे खासदार जेराल्ड फोर्ड यांनी बंदीचं विधेयक पुढे नेलं. हेच फोर्ड पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले.

थोडक्यात, 'बाजारावर सोडा' म्हणणाऱ्या देशातही कांदा पूर्णपणे बाजारावर सोडलेला नाही.

भाव गोठवला की काय होतं?

तिसरा प्रकार नियोजित, म्हणजे समाजवादी अर्थव्यवस्थेचा. जमीन आणि कारखाने सरकारचे, उत्पादनाचं लक्ष्य सरकारचं, भावही सरकारचा. सोव्हिएत रशियात १९२१ मध्ये 'गॉसप्लान' हे नियोजन मंडळ उभं राहिलं आणि १९२८ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या. मागास शेतीप्रधान देशाने काही दशकांत पोलाद आणि वीज उभी केली, हे खरं. ताटात काय पडलं, हा वेगळा प्रश्न.

तिथे किरकोळ भाव वर्षानुवर्षं गोठवलेले असत. जून १९६२ मध्ये सरकारने मांसाचे भाव सुमारे ३० टक्के आणि लोण्याचे सुमारे २५ टक्के वाढवले. नोव्होचेर्कास्क शहरातले कामगार रस्त्यावर उतरले. सैन्याने गोळीबार केला, वीसहून जास्त माणसं मेली आणि ही बातमी कित्येक वर्षं दडपली गेली. त्यानंतर सरकार मांसाचे भाव वाढवायला धजावलं नाही. कागदावर मांस स्वस्त राहिलं, दुकानाबाहेर रांग वाढत गेली. ज्याच्याकडे वेळ किंवा ओळख, त्याला माल मिळायचा. भाव वाढू दिला नाही तरी टंचाई जात नाही, ती पैशांऐवजी तासांत मोजली जाते.

चीनची गोष्ट वेगळ्या टोकाची. १९७८ च्या शेवटी आन्हुई प्रांतातल्या श्याओगांग गावात १८ कुटुंबांनी अंगठे उठवून एक गुप्त करार केला. सामुदायिक शेती आपापसात वाटून घ्यायची, सरकारचा वाटा द्यायचा आणि उरलेलं स्वतःकडे ठेवायचं. कुणी पकडला गेला तर त्याची मुलं बाकीच्यांनी सांभाळायची, असंही त्यात ठरलं होतं. जमीन, पाऊस, माणसं सगळं जुनंच होतं. पुढच्याच हंगामात पीक कितीतरी वाढलं. अर्थशास्त्रात ज्याला 'प्रोत्साहन' म्हणतात, ते एवढंच आहे : जास्त राबलं तर जास्त मिळेल का? सरकारने शिक्षा करण्याऐवजी ती पद्धत देशभर नेली. आजच्या चीनमध्ये जमिनीची मालकी शेतकऱ्याची नाही आणि बाजार मात्र जोरात आहे. पुस्तकातल्या कोणत्याच खणात हा देश नीट बसत नाही.

भारत : दोन्ही हातांनी चालणारी गाडी

चौथा प्रकार मिश्र अर्थव्यवस्थेचा आणि भारताचं नाव याच यादीत येतं. खासगी उद्योग आणि सरकार, दोघांनाही जागा. हा विचार फक्त नेहरूंचा होता असं बऱ्याचदा सांगितलं जातं. पण १९४४ मध्ये जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला यांच्यासारख्या उद्योगपतींनी मांडलेल्या 'बॉम्बे प्लॅन'मध्येही सरकारने मोठी भूमिका घ्यावी असं म्हटलं होतं. १९५६ च्या औद्योगिक धोरणाने पोलाद, रेल्वे, अणुऊर्जा असे १७ उद्योग सरकारसाठी ठेवले. १९९१ मध्ये परवाना राज मोडलं आणि ही यादी आक्रसत गेली.

शेतीत मात्र वेगळंच मिश्रण तयार झालं. जमीन शेतकऱ्याची, पिकाची निवड त्याची, तोटाही त्याचा. पण माल विकायच्या वाटेवर सरकार उभं. १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याने सरकारला साठ्यावर मर्यादा घालता येते आणि निर्यात कधी, किती, कोणत्या भावाने करायची हेही दिल्लीत ठरतं. जून २०२० मध्ये केंद्राने वटहुकूम काढून कांदा, बटाटा, डाळी अशा मालावरचं साठा नियंत्रण अपवादात्मक परिस्थितीपुरतं ठेवलं. तीनच महिन्यांत, १४ सप्टेंबर २०२० ला, कांदा निर्यातबंदी आली. पुढे तो बदल इतर कृषी कायद्यांसोबत २०२१ मध्ये मागे घेतला गेला.

२०२३ मध्ये ही सगळी हत्यारं एकामागून एक बाहेर आली. १९ ऑगस्टला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. सरकारी राखीव साठ्याचं लक्ष्य ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर गेलं आणि त्यातला कांदा शहरांत २५ रुपये किलोने विकायला सुरुवात झाली. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य ठरलं, म्हणजे त्याहून कमी भावात परदेशी विकायचं नाही. ८ डिसेंबरपासून थेट निर्यातबंदी. पुढच्या काही आठवड्यांत नाशिकच्या बाजारातले भाव निम्म्यावर आले.

बाहेर जाणारा माल आत अडवला की देशातला पुरवठा वाढतो आणि भाव उतरतो, एवढं याचं गणित. शहरातल्या घराचे महिन्याला शंभर-दीडशे रुपये वाचतात. हे पैसे आकाशातून येत नाहीत, ते शेतकऱ्याच्या पट्टीतून वजा होतात. दर वेळी हीच वाट का निवडली जाते? कारण राखीव साठा, अनुदान, चांगल्या चाळी आणि शीतगृहं यांना बजेटमधून पैसे लागतात. निर्यातबंदीला फक्त अधिसूचना लागते. शिवाय १९९८ मध्ये दिल्ली विधानसभेच्या निवडणुकीत कांद्याच्या भावाने सत्ताधारी पक्षाला जो फटका बसला, त्याची आठवण सगळ्या पक्षांना आहे.

आता दुसरी आठवणही जोडली गेली आहे. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण तोवर लोकसभेचा प्रचार रंगात आला होता. कांदापट्ट्यातल्या दिंडोरी मतदारसंघात तेव्हाच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार पराभूत झाल्या. निवडणूक एकाच कारणावर ठरत नाही, पण त्या भागातल्या प्रचारात कांदा होता आणि तो ठळकपणे होता.

बंदी उठल्यावरही ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य काढलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून ते शून्य झालं. त्या हंगामात उन्हाळ कांदा भरपूर पिकला होता. दरवाजा उघडा होता, तरी भाव बरेच दिवस क्विंटलला १,००० ते १,५०० रुपयांच्या आसपास रेंगाळले. बंदीच्या काळात परदेशी गिऱ्हाइकांनी पाकिस्तानसारख्या इतर देशांकडून माल घ्यायला सुरुवात केली होती. आणि भारतीय कांद्याचा जुना, मोठा ग्राहक असलेल्या बांगलादेशानेही आपल्या शेतकऱ्यांचा भाव पडू नये म्हणून बाहेरून येणाऱ्या कांद्यावर बंधनं घातली होती.